तालुक्याच्या गावात रिकामा गाळा भाड्याने घेताना

तालुक्याच्या गावातील व्यापारी संकुलावर 'गाळा भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली की पहिल्यांदा दुकान काढणारा माणूस सर्वात आधी भाडे किती ते विचारतो. माझ्या मते तो प्रश्न शेवटी विचारायचा असतो. भाडे बोलणी करून कमी करता येते. पण जिथे गिऱ्हाईक फिरकतच नाही अशी जागा, मंजूर नकाशात नसलेला गाळा, किंवा देण्याचा अधिकार नसलेल्या माणसाशी केलेला करार बोलणी करून दुरुस्त होत नाही. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील लहान शहरांत आणि तालुक्याच्या ठिकाणी किराणा, कापड, मोबाइल दुरुस्ती, औषधे, स्टेशनरी, बेकरी असा व्यवसाय प्रथमच सुरू करणाऱ्यांसाठी आहे. कामे ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने ती येथे मांडली आहेत, आणि शक्यतो तो क्रम मोडू नये.

गाळा रिकामा का आहे, हे आधी शोधा

रिकाम्या गाळ्याला रिकामे राहण्याचे कारण असते, आणि ते मालक किंवा दलाल सहसा आपणहून सांगत नाहीत. शेजारच्या दुकानदाराला, समोरच्या चहावाल्याला आणि शक्य झाल्यास त्या गाळ्यातून उठून गेलेल्या व्यापाऱ्याला भेटावे. आधी तिथे कोणते दुकान होते, किती दिवस चालले, भाडेवाढीवरून उठले की धंदा झाला नाही म्हणून उठले, हे या तिघांकडून बहुधा कळते. कारण मालकाच्या स्वभावात असेल तर ते करारात बांधता येते. जागेतच असेल तर त्यावर उपाय नसतो.

लहान गावातील गिऱ्हाइकीचा ओघ शहरातील मॉलप्रमाणे दिवसभर समान नसतो. तो एसटी स्थानक, तहसील कचेरी, न्यायालय, बँका, शाळा-महाविद्यालये आणि आठवडे बाजार यांच्याभोवती फिरतो. आठवडे बाजाराच्या दिवशी फुललेली गल्ली इतर सहा दिवस ओस असू शकते, आणि सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे पीक विकले गेल्यावर जी खरेदी होते ती जुलै-ऑगस्टमध्ये दिसत नाही. म्हणून गाळ्यासमोर बाजाराच्या दिवशी आणि साध्या दिवशी, सकाळी आणि सायंकाळी, असे वेगवेगळ्या वेळी प्रत्यक्ष थांबून माणसे मोजावीत. किती जण समोरून जातात यापेक्षा किती जण थांबतात, पिशवी घेऊन येतात आणि शेजारच्या दुकानात शिरतात, ते टिपून ठेवावे. पहिल्या मजल्यावरील गाळ्याबाबत विशेष काळजी घ्यावी. शिकवणी, दवाखाना, शिवणकाम, संगणक केंद्र किंवा करसल्लागाराचे कार्यालय जिना चढून चालते, कारण तेथे येणारा माणूस ठरवून येतो. किराणा आणि बेकरी तेथे चालत नाही, भाडे निम्मे असले तरीही.

आणखी एक कारण नकाशात दडलेले असते. वळणरस्ता झाल्यावर जुन्या महामार्गावरची वर्दळ कमी होते, आणि विकास आराखड्यात रस्ता रुंदीकरण दाखवलेले असेल तर संकुलाच्या पुढील भागावर कधीतरी खुणेची रेषा पडते. नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जागा आराखड्यात कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा मिळतो. तो मागवण्याचा खर्च किरकोळ असतो.

भाडे परवडते का, याचा हिशेब

समजा भाडे ९,००० रुपये, एका कामगाराचा पगार ९,००० रुपये, वीज २,००० रुपये आणि इतर खर्च १,००० रुपये आहे; म्हणजे दुकान उघडले काय आणि बंद ठेवले काय, महिन्याला २१,००० रुपये जाणारच. आपल्या धंद्यात विक्रीमागे १५ टक्के ढोबळ नफा सुटत असेल, तर नुसता हा खर्च भरून निघण्यासाठी महिन्याला १,४०,००० रुपयांची विक्री व्हावी लागेल. महिन्याचे २६ दिवस दुकान उघडे धरले तर ती दिवसाला सुमारे ५,४०० रुपये होते, आणि त्यात अद्याप आपली स्वतःची मजुरी, कर्जाचा हप्ता, उधारी आणि खराब झालेला माल धरलेला नाही. गाळ्यासमोर टिपून ठेवलेल्या माणसांची संख्या या आकड्याशेजारी ठेवून पाहावी. एका गिऱ्हाइकाची खरेदी सरासरी दीडशे रुपयांची धरली, तर रोज ३६ जणांनी माल घेऊनच बाहेर पडले पाहिजे. हे शक्य वाटत नसेल तर पुढच्या पायऱ्या चढूच नयेत.

या हिशेबात मंदीचे महिनेही धरावेत. भाडे बारा महिने तेवढेच राहते, विक्री राहत नाही. म्हणून किमान चार-सहा महिन्यांचे भाडे हाताशी ठेवूनच सुरुवात करावी. अनामत रक्कम आणि फर्निचर यांत सगळी शिल्लक घालवणारे दुकान पहिल्याच पावसाळ्यात मालाविना रिकामे दिसू लागते.

गाळा देण्याचा अधिकार कोणाचा आहे

खासगी संकुलात गाळा ज्याच्या नावावर आहे त्याच्याशीच करार करावा. नाव पाहण्यासाठी खरेदीखत व त्याची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश), नगर भूमापन झाले असल्यास मालमत्ता पत्रक, नगरपरिषदेची चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती, आणि जागा ग्रामपंचायत हद्दीत असल्यास नमुना आठ (ग्रामपंचायतीकडील मालमत्ता नोंदीचा उतारा) मागावा. वडिलोपार्जित मालमत्तेत बहुधा तीन-चार भावांची नावे असतात; अशा वेळी एकाच भावाने दिलेला गाळा पुढे दुसऱ्याच्या हरकतीत अडकतो, म्हणून सर्वांच्या सह्या किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घ्यावे. गाळ्यावर बँकेचा बोजा आहे का, हेही विचारावे. कर्ज थकून बँकेने ताबा घेतला, तर गहाणानंतर बँकेच्या संमतीवाचून आलेल्या भाडेकरूची बाजू फार दुबळी असते.

त्यानंतर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास दिलेली परवानगी) पाहावे. लहान गावांत बांधकाम मंजुरीच्या वेळी वाहनतळ म्हणून दाखवलेल्या तळमजल्यावर किंवा तळघरात नंतर भिंती घालून गाळे काढल्याचे अनेकदा आढळते. असे गाळे स्वस्त असतात, आणि ते स्वस्त का आहेत ते कारवाईची नोटीस आल्यावर कळते. नकाशावर आपल्या गाळ्याचा क्रमांक बोट ठेवून दाखवा, असे मालकाला सांगण्यात संकोच बाळगू नये.

नगरपरिषद, जिल्हा परिषद किंवा बाजार समितीच्या संकुलातील गाळ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथेच नवख्यांची सर्वाधिक फसगत होते. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देण्याचे नियम महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ९२ मध्ये आणि त्याखालील नियमांत आहेत. त्यासाठी परिषदेचा ठराव लागतो, मुदतीला मर्यादा असते, आणि गाळे साधारणपणे जाहीर लिलावाने किंवा ई-लिलावाने दिले जातात. लिलावाची सूचना वर्तमानपत्रात, नगरपरिषदेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर येते. ती पूर्ण वाचावी. बयाणा रक्कम किती, अनामत परत मिळणारी आहे की ना-परतावा, मुदत किती वर्षांची, भाडेवाढ कशी, गाळा कोणत्या प्रवर्गासाठी किंवा दिव्यांगांसाठी राखीव आहे का, आणि व्यवसाय बदलण्यास परवानगी आहे का, हे सारे त्या अटींतच असते. बोलीच्या भरात ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये. मर्यादा आधी कागदावर लिहून सोबत न्यावी.

अशा संकुलात एखादा मूळ गाळाधारक स्वतः दुकान न चालवता तुम्हाला 'डिपॉझिट' घेऊन वापरायला देऊ पाहील. पावती त्याच्या नावावर, धंदा तुमचा, कागद कोणताही नाही. हे पोटभाडे बहुतेक वेळा मूळ अटींचा भंग असते, त्यामुळे नगरपरिषदेने गाळा परत घेतला तर तुम्हाला कोणाकडेही दाद मागता येत नाही. हा मार्ग पूर्णपणे टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण यात गेलेली अनामत परत मिळवून देणारा कागदच हाती नसतो.

मुदत संपलेल्या गाळ्यांबाबतही सावध राहावे. जळगाव महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील बहुसंख्य गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली, आणि त्यानंतर नूतनीकरण, सुधारित भाडे व थकबाकी यांवरचा वाद न्यायालयात आणि शासनदरबारी वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. मुदत संपताना काय होणार हे सुरुवातीला स्पष्ट नसेल, तर चालते दुकानही किती अस्थिर होते हे त्या व्यापाऱ्यांच्या अनुभवातून दिसले. त्यामुळे पालिकेचा गाळा कोणाकडून हस्तांतराने घेत असाल, तर मूळ भाडेपट्टा कधी संपतो, थकबाकी नाही असा दाखला आहे का, आणि हस्तांतराला पालिकेची लेखी मंजुरी आहे का, या तीन गोष्टींशिवाय एक रुपयाही देऊ नये.

जागा मोजणे आणि तपासणे

गाळ्याचे क्षेत्रफळ सांगताना काही जण भिंती, जिना आणि व्हरांड्यातील वाटा धरून बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप आकडा सांगतात. आपण मोजपट्टी घेऊन भिंतीच्या आतील लांबी-रुंदी मोजावी आणि भाड्याचा प्रति चौरस फूट दर त्यावर काढावा, म्हणजे दोन गाळ्यांची खरी तुलना होते. शटरची रुंदी, पोटमाळ्याची उंची, पुढचा ओटा वापरता येतो का, नावाची पाटी कुठे लावता येईल आणि गिऱ्हाईक दुचाकी कुठे लावेल, हे पाहावे. पश्चिमेला तोंड असलेल्या गाळ्यात उन्हाळ्यात दुपारनंतर ऊन थेट आत येते, त्याने कापडाचा रंग उडतो आणि चॉकलेट वितळते; विदर्भ-मराठवाड्यात ही बाब क्षुल्लक नाही. वरच्या मजल्यावर गच्ची असेल तर छताला पाणी झिरपल्याचे डाग आहेत का ते बघावे. नुकताच दिलेला रंग असेल तर शेजारच्या गाळ्याचे छत पाहावे.

विजेचे देयक हाती घेऊन वाचावे. मीटर कोणाच्या नावावर आहे, थकबाकी किती, मंजूर भार किती आणि वापराचा प्रकार वाणिज्यिक आहे की घरगुती, हे चार मुद्दे त्यात असतात. घरगुती जोडणीवर दुकान चालवणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्यासाठी लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. आधीच्या माणसाची थकबाकी नव्या वापरकर्त्याकडे मागितली जाऊ शकते, म्हणून ताब्याच्या दिवसापर्यंतचे देयक मालकाने भरल्याची पावती घ्यावी. डीप फ्रीझर, ओव्हन किंवा गिरणी बसवायची असेल तर थ्री-फेज जोडणी आणि वाढीव भार मिळेल का, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन आधी विचारावे. संकुलात पाणी आणि स्वच्छ, बंद होणारे स्वच्छतागृह आहे का, हे पाहणे राहून जाते. दिवसभर उभ्या राहणाऱ्या महिला कामगारासाठी ते अत्यावश्यक आहे आणि याबाबत मालकाशी बोलणे हे आपले कर्तव्य आहे. आगप्रतिबंधक यंत्रणा असलेल्या संकुलात, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते दाखवण्यास सांगावे.

करार

खासगी गाळ्यासाठी आपल्याकडे सर्रास 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे अनुज्ञप्ती करार केला जातो. त्यात जागेत हक्क निर्माण होत नाही, फक्त ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी मिळते. भाडेपट्ट्यात मात्र जागेच्या उपभोगाचा हक्क हस्तांतरित होतो. 'अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही' हा समज खेड्यापाड्यांतच नव्हे तर शहरांतही पक्का रुजलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हे करार लेखी असावे लागतात आणि ते नोंदवावे लागतात, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'कशाला खर्च' म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगावे, कारण नोंदणीत त्याचेही हित आहे.

खर्चही मोठा नसतो. साठ महिन्यांपर्यंतच्या अनुज्ञप्ती करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे, आणि ते पूर्ण मुदतीचे भाडे, ना-परतावा रक्कम आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर काढतात. दरमहा ८,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये अनामत आणि ३६ महिन्यांची मुदत धरली, तर भाडे २,८८,००० आणि अनामतीवरचे व्याज १५,००० मिळून ३,०३,००० रुपये होतात. त्यावर शुल्क ७५७ रुपये ५० पैसे, म्हणजे सुमारे ८०० रुपये. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. करार नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून आधार व बोटांच्या ठशांच्या साहाय्याने ऑनलाइनही नोंदवता येतो. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचे शुल्क मात्र मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या काही भागावर आकारले जात असल्याने बरेच जास्त येते. तो करण्याआधी हिशेब करून घ्यावा.

अटींपैकी मुदत आणि 'लॉक-इन' (ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही तो काळ) यांवर सर्वात जास्त वेळ द्यावा. फर्निचर, फलक आणि विजेच्या कामावर दीड-दोन लाख रुपये घालून अकरा महिन्यांत उठावे लागले तर ती गुंतवणूक वाया जाते. म्हणून मुदत किमान तीन वर्षांची घ्यावी आणि त्या काळात मालकाला उठवता येणार नाही, पण आपल्याला दोन-तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन सोडता येईल, असे लिहून घ्यावे. अनेक मसुद्यांत हे नेमके उलट असते. पूर्ण एकतर्फी अट मालक मान्य करणार नाही. पहिले सहा महिने दोघेही बांधील, त्यापुढे फक्त मालक बांधील, अशी तडजोड बहुधा होते. भाडेवाढ टक्क्यांत आणि तारखेसह लिहावी. 'बाजारभावाप्रमाणे' हे शब्द खोडून टाकावेत. गाळा बराच काळ रिकामा असेल तर फर्निचर होईपर्यंतचा महिना-दीड महिना भाडेमुक्त मागावा. रिकाम्या गाळ्याचा मालक भाडे कमी करण्यापेक्षा हे सहज मान्य करतो, कारण त्यामुळे संकुलातील पुढचा भाव पडत नाही.

मालमत्ता कर, देखभाल खर्च, छताची व भिंतीची मोठी दुरुस्ती मालकाकडे आणि आतील किरकोळ दुरुस्ती दुकानदाराकडे, अशी विभागणी स्पष्ट असावी. व्यवसायाचे वर्णन थोडे व्यापक ठेवावे, म्हणजे स्टेशनरीसोबत झेरॉक्स सुरू करताना नव्याने परवानगी मागावी लागत नाही. अनामत किती दिवसांत परत करायची, त्यातून कशाची वजावट होऊ शकते, आणि आपण बसवलेले काय काढून नेता येईल, हे लिहावे. अनामत आणि भाडे बँकेतूनच द्यावे. 'थोडे रोखीने, थोडे कागदावर' ही सूचना नम्रपणे नाकारावी. मालक जीएसटी नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के कर येतो. मालक नोंदणीकृत नसून आपण असू, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर रिव्हर्स चार्जखाली आपणच भरायचा असतो. कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरणाऱ्या लहान) व्यापाऱ्यांना नंतर यातून वगळण्यात आले. ठरलेले भाडे करासह आहे की कराव्यतिरिक्त, हे एका वाक्यात करारात यावे.

परवाने

नोंदणीकृत करार आणि मालकाचे ना हरकत पत्र हाती आल्यावर बाकीची कामे तुलनेने सोपी होतात. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली लहान दुकानाला नोंदणीऐवजी व्यवसाय सुरू झाल्यापासून साठ दिवसांत केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना घ्यावा आणि क्रमांक दर्शनी लावावा. औषध दुकानाचे परवाने अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावे लागतात आणि त्यासाठी जागेच्या आकाराच्या अटी असल्याने गाळा ठरवण्याआधीच त्या पाहाव्यात. फलक रंगवून घेताना, २०२२ च्या दुरुस्तीनुसार नाव मराठीत, देवनागरी लिपीत असावे आणि इतर भाषेतील अक्षरे त्यापेक्षा मोठी नसावीत, हे रंगाऱ्याला आधीच सांगावे.

ताबा घेताना आणि सोडताना

ताब्याच्या दिवशी मालकासमोर मीटरचे वाचन, शटरची स्थिती, पंखे-दिवे, फरशी आणि भिंतींचे डाग यांची छायाचित्रे काढावीत आणि एका पानावर यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. शटरच्या सर्व किल्ल्या मागाव्यात व शक्य असल्यास कुलूप बदलावे. भाड्याची पावती दरमहा घ्यावी. ती देणे मालकावर बंधनकारक आहे. करार संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख दिनदर्शिकेवर नोंदवावी आणि त्या दिवशी नूतनीकरणाचे पत्र मालकाला पोचपावतीसह द्यावे. मुदत संपल्यावर जुन्याच करारावर बसून राहू नये, नवा करार नोंदवावा. गाळा सोडायचा झाल्यास विजेचे अखेरचे देयक भरून, सुरुवातीच्या यादीनुसार जागा दाखवून, किल्ल्या दिल्याची लेखी पोच घ्यावी आणि त्याच बैठकीत अनामत परत करण्याची तारीख त्या कागदावर लिहून घ्यावी.